मार्चचं गुलमर्ग, घड्याळाच्या काट्यावर

काश्मीरच्या हिवाळ्याचा हिशोब सत्तर दिवसांचा असतो. २१ डिसेंबरपासून चिल्लई कलानचे ४०, मग चिल्लई खुर्दचे २० आणि शेवटी चिल्लई बच्चाचे १०. फेब्रुवारी सरता सरता हा हिशोब संपतो आणि मार्चमध्ये स्कीसाठी निघालेल्यांना हमखास विचारलं जातं, ‘आता बर्फ काय उरला असेल?’ वरच्या उतारांवर तो भरपूर असतो. फक्त दिवसभर एकसारखा राहत नाही. जानेवारीत सकाळी नऊला जो उतार मिळतो, साधारण तोच दुपारी तीनलाही मिळतो. मार्चमध्ये तोच उतार सकाळी आठला काच, साडेदहाला लोणी आणि एकला लापशी असतो. कुठे जायचं यापेक्षा किती वाजता जायचं हा प्रश्न मोठा होतो.

याचं मूळ अक्षांशात आहे. गुलमर्ग ३४ अंश उत्तरेला आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात इथला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजाच्या सुमारे ५० अंश वर असतो. ४६ अंशांवरच्या आल्प्समध्ये त्याच दिवशी तो ३८ अंशांवर असतो आणि ही ५० अंशांची उंची तिथे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येते. त्यामुळे युरोपातल्या माहितीपुस्तिकांमध्ये एप्रिलचा म्हणून वर्णन केलेला बर्फ इथे महिनाभर आधी भेटतो. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे गुलमर्गचा सूर्य बाराला नाही, तर पावणेएकच्या सुमारास माथ्यावर येतो. बाहेरच्या पुस्तकातलं ‘अकराच्या आत उतरा’ हे गणित इथे लावताना तिथला सूर्य घड्याळात किती वाजता माथ्यावर येतो तेही बघायचं.

पहिला दिवस: पत्र्याची छपरं

श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, गुलमर्ग २,६५० मीटरवर. अंतर पन्नासएक किलोमीटर, पण खरा रस्ता पायथ्याच्या तंगमर्ग गावानंतरच्या शेवटच्या १३ किलोमीटरचा. दुपारभर त्यावरून वितळलेलं पाणी वाहतं. सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी डांबरावर पातळ, पारदर्शक बर्फ होऊन बसतं आणि हेडलाइटच्या उजेडात रस्ता नुसता ओला वाटतो. त्यामुळे तिसऱ्या प्रहरापर्यंत वर पोचलेलं बरं. बर्फ असेल तर साखळ्या लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडी तंगमर्गलाच घ्यावी, वळणावर अडकल्यावर नाही.

गावात शिरताच मार्च ऐकू येतो तो पागोळ्यांमधून. पत्र्याच्या उतरत्या छपरांवर मीटरभर जुना बर्फ असतो. उन्हाने पत्रा तापला की तळाशी पाण्याचा थर तयार होतो आणि सगळी लादी एकदम खाली येते. आधी एक घसटल्यासारखा आवाज होतो, मग धप्प. छपराखालून चालणं, तिथे स्की टेकवून ठेवणं, मुलांना तिथे खेळू देणं हे तिन्ही टाळायचं. शिवाय छप्पर म्हणजे फुकटची सूचनाफळी आहे. पत्रा गुळगुळीत असल्यामुळे ते आधी सुटतं, पण दक्षिणेकडची छपरं एका दुपारी ओळीने रिकामी होऊ लागली, तर त्याच तोंडाच्या डोंगरउतारांवरही पाणी थरांमध्ये मुरायला लागलंय असं समजावं.

पहिल्या दिवशी स्की नाही. मुक्काम आधीच २,६५० मीटरवर असतो आणि गोंडोलाचा, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या दोरमार्गाचा, दुसरा टप्पा जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो. दोन रात्री इथे झोपून मग वर गेलं तर डोकेदुखी बरीच टळते.

संध्याकाळी एकच काम होतं: आकाश बघणं. रात्री नऊला हवेचं तापमान शून्याच्या एक अंश वर होतं, तरीही पायाखालचा बर्फ करकरत होता. यात गोम नाही. आकाश निरभ्र असलं की बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता थेट आकाशात सोडतो आणि हवेपेक्षा कित्येक अंश थंड होतो. म्हणून शून्याच्या वर एक-दोन अंश असतानाही वरचा थर घट्ट गोठतो. ढग असले की ते ही उष्णता परत खाली पाठवतात. मग तापमान उणे एक असूनही बर्फ आतून ओलाच राहतो. मार्चमध्ये झोपण्यापूर्वी थर्मामीटरपेक्षा चांदण्या मोजलेल्या जास्त उपयोगी पडतात.

दुसरा दिवस: काच, लोणी, लापशी

गावालगतच्या सौम्य उतारांवर पूर्ण दिवस घालवला, कारण बर्फाचं घड्याळ समजून घ्यायला यासारखी जागा नाही.

सकाळी आठ. पृष्ठभाग टणक, कालच्या दुपारचे स्कीचे चर तसेच्या तसे गोठलेले. स्की त्या चरांत अडकली की गुडघ्याला हिसका बसतो. इथे कामाला येतात त्या फक्त पोलादी कडा. बाजूची कड ८८ अंशांची आणि तळाकडून १ अंश, ही बहुतेक स्कींची नेहमीची मापं. भाड्याची स्की घेताना नखाचा पृष्ठभाग कडेवर आडवा हलकेच ओढून बघायचा. पांढरा कीस निघाला तर धार आहे, नख नुसतं घसरलं तर कानस मारून द्यायला सांगायचं. फेब्रुवारीत पावडरमध्ये, म्हणजे कोरड्या भुसभुशीत बर्फात, बोथट कडा खपून जातात, मार्चच्या सकाळी नाही.

साडेनऊ. वर चकाकी, पण काठीचं टोक अजून टकटक वाजतंय. घाई नको.

दहा ते सव्वाअकरा. हाच तो वेळ. काठीचं टोक दोन-तीन सेंटिमीटर मऊ जाऊन मग टणक थराला लागतं. हातात घेऊन बघितलं तर भिजवलेल्या साबुदाण्याएवढे गोल, सुटे, पाणीदार दाणे. इंग्रजीत याला कॉर्न म्हणतात, म्हणजे मक्याचे दाणे, पण साबुदाणाच जास्त जुळतो. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं असे बरेच दिवस झाले की बारीक कण विरघळतात, मोठे आणखी मोठे होतात आणि सगळे गोल होऊन एकमेकांना बर्फाच्या सांध्यांनी चिकटतात. सकाळी हे सांधे पक्के असतात म्हणून पृष्ठभाग काँक्रीटसारखा. ऊन आलं की आधी वरवरचे सांधे सुटतात आणि टणक पायावर मऊ दाण्यांचा पातळ थर मिळतो. स्की त्यात न बुडता वळते, आवाज रेशमी येतो आणि नवशिक्यालासुद्धा आपण फार छान स्की करतो असा भ्रम होतो.

दुपारी एक. थर दहा-बारा सेंटिमीटर खोल ओला. मुठीत दाबून बघायची परीक्षा सोपी आहे. गोळा होतच नाही तो कोरडा. गोळा होतो पण हातमोजा ओला होत नाही तो दमट. कणांमध्ये पाणी दिसतं पण दाबून गळत नाही तो ओला. हलक्या दाबाने पाणी टपकायला लागलं की खूप ओला, म्हणजे आकारमानाच्या आठ ते पंधरा टक्के पाणी. यापुढे स्की सोडून चहा.

गुडघ्याच्या दुखापती बहुतेक याच वेळच्या. जड बर्फात स्की रुतून थांबते, शरीर सावकाश वळत पडतं आणि एवढ्या हळू पिळाला बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग बऱ्याचदा सुटत नाही. काही जण मग ते लवकर सुटावं म्हणून बाइंडिंगचा आकडा कमी करून घेतात. तो वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो, बर्फावरून नाही. आकडा तसाच ठेवून वेळ बदलावी.

तिसरा दिवस: एका उतरणीत तीन ऋतू

गोंडोलाचा पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडोरीला, सुमारे ३,०८० मीटरवर नेतो. तो १९९८ मध्ये सुरू झाला. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा तिथून अफरवत डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास पोचवतो. म्हणजे गाव आणि वरचं स्थानक यांत १,३०० मीटरचा फरक. दर हजार मीटरला साडेसहा अंश हा ढोबळ दर धरला तर गावात अधिक चार असताना वर उणे चार-पाच, आणि वारा वेगळाच.

वर उतरल्यावर पहिल्या तीस मीटरमध्ये बर्फ कोरडा, वाऱ्याने दाबलेला आणि नांगरलेल्या शेतासारखा सऱ्या पडलेला. सऱ्यांच्या उंच बाजूचं तोंड वाऱ्याकडे असतं. त्यावरून कालचा वारा कुठून होता आणि बर्फ कुठल्या बाजूला नेऊन टाकला हे कळतं. कड्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला बर्फाचे छज्जे पुढे आलेले असतात. मार्चमध्ये त्यांच्या काठापासून दूर राहायचं ते दुप्पट अंतराने, कारण छज्जा तुटतो तो टोकावर नाही, मागे सपाट वाटणाऱ्या भागात. कड्यापलीकडे नियंत्रण रेषा जवळ आहे, तेव्हा ‘मागच्या बाजूने उतरू’ हा विचार तसाही बाद.

अफरवतची गुलमर्गकडची बाजू मुख्यतः ईशान्येला तोंड करून आहे. तिच्यावर ऊन सकाळी लवकर येतं आणि दुपारी तिरकं होतं. पण ही बाजू एकसंध नाही. दांड्यांनी तिच्या घळी पाडल्या आहेत आणि प्रत्येक घळीला एक पूर्वेची आणि एक उत्तरेची भिंत आहे. त्या दिवशी साडेदहाला पूर्वेच्या भिंतीवर पृष्ठभाग मऊ झालेला आणि वीस मीटरवरच्या उत्तरेच्या भिंतीवर फेब्रुवारीची कोरडी पावडर शिल्लक. मार्चमधली चांगली उतरण म्हणजे या भिंतींमधली ये-जा असते.

वॅक्सचा, म्हणजे स्की नीट घसरावी म्हणून तळाला लावायच्या मेणाचा, घोळ इथेच होतो. थंड बर्फाचं कडक वॅक्स लावून निघालं तर कोंगडोरीखालच्या ओल्या पट्ट्यात स्कीला कोणीतरी मागून धरल्यासारखं होतं. उबदार वॅक्स लावलं तर वरच्या कोरड्या बर्फात थोडी संथ चालते, इतकंच. तडजोड खालच्या बर्फाच्या बाजूने करावी, कारण वर स्की संथ असली तर काही बिघडत नाही, खाली अचानक अडकली तर तोंडावर पडायला होतं.

दुपारी बाराला वाऱ्यामुळे दुसरा टप्पा बंद झाला. हे इथलं नेहमीचं आहे. वरचं तिकीट म्हणजे वर पोचण्याची हमी नव्हे. वेळापत्रक असं आखावं की पहिल्या टप्प्यावरच दिवस घालवावा लागला तरी हरकत नसावी.

चौथा दिवस: न गोठलेली रात्र

हा दिवस स्कीच्या दृष्टीने वाया गेला, पण लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त याच दिवसाचं आहे.

रात्री ढग आले. सकाळी सातला हवा अधिक तीन, पागोळ्या चालूच. स्की न लावता बुटाने बर्फात पाय टाकला तर पोटरीपर्यंत आत. चांगली गोठण झाली असती तर कवचाने माणसाचं वजन झेललं असतं. घोट्याच्या वर पाय जातोय म्हणजे काल दुपारी मुरलेलं पाणी अजून तिथेच आहे आणि आजची सकाळ कालच्या दुपारपासून सुरू होतेय. अशा दिवशी तीव्र उतारावर जाण्याची वेळ सकाळी सहालाच टळून गेलेली असते.

कोरडा बर्फ आणि ओला बर्फ यांचं हिमस्खलन वेगवेगळं वागतं. कोरड्या बर्फाची लादी माणसाच्या वजनाने क्षणात तुटते. ओल्याचं कारण पाणी. पाणी थरांमधून झिरपत एखाद्या घट्ट पापुद्र्यावर किंवा जमिनीवर अडतं, तिथे पसरतं आणि वरच्या थराचा आधार काढून घेतं. मग कोणी उतारावर नसतानाही तो सुटतो. वेग कमी, पण वजन प्रचंड आणि थांबल्यावर सिमेंटसारखा बसतो. नव्या कोरड्या बर्फाची घनता घनमीटरला ५० ते १०० किलो असते. असा ओला बर्फ थांबतो तेव्हा ती याच्या कित्येक पटींनी वाढलेली असते. फावड्याशिवाय हाताने उकरता येईल ही कल्पना सोडून द्यावी.

कोंगडोरीखालून दुर्बिणीने पाहिलं तर सगळी लक्षणं एकामागून एक दिसत होती. खडकांखालून आणि झाडांच्या बुंध्यांपासून सुटलेल्या बर्फाच्या वळकट्या: घरंगळताना गादीसारख्या गुंडाळत जाणारी, जिलबीच्या आकाराची चाकं. ती नाण्याएवढी असतील तर लक्ष ठेवायचं, गाडीच्या चाकाएवढी झाली की त्या उताराखालूनही जायचं नाही. त्यानंतर एका बिंदूतून सुरू होऊन खाली उलट्या ‘व्ही’सारखे पसरत गेलेले छोटे ओघळ. आणि गवताळ, गुळगुळीत जमिनीच्या उतारावर आडवी पडलेली तपकिरी भेग, माशाच्या उघड्या तोंडासारखी. पूर्ण थर जमिनीवरून सावकाश घसरत असल्याची ती खूण. तो तासाभरात सुटेल की तीन आठवड्यांनी, हे कोणालाही सांगता येत नाही; स्फोटकं लावूनही तो बऱ्याचदा हलत नाही. त्याखाली डबा खायला न बसणं एवढाच उपाय.

उताराचा कोन मोजायला फोनमधलं कोनमापक पुरतं. काठी बर्फावर उताराच्या दिशेने आडवी ठेवायची आणि फोन तिच्यावर टेकवायचा. लाद्या सुटतात त्या बहुतांशी ३० ते ४५ अंशांमध्ये. आपण उभे आहोत तो उतार २० अंशांचा असला तरी डोक्यावर ३५चा असेल तर हिशोब ३५चाच.

हवेतल्या दमटपणाचाही यात हात असतो. कोरडा वारा असताना बर्फ न वितळता थेट वाफ होतो, आणि त्याला वितळण्याच्या साडेआठपट उष्णता लागते. म्हणून अधिक तीन अंशांच्या कोरड्या वाऱ्यात बर्फ बराच वेळ टिकतो, तर अधिक तीनच्याच दमट, ढगाळ हवेत डोळ्यांदेखत बसतो. हवामानाच्या अंदाजात नुसतं तापमान बघून निघणारे इथे फसतात.

पाचवा दिवस: पाऊस खाली, बर्फ वर

ते ढग पश्चिमी विक्षोभाचे होते. भूमध्य समुद्राकडून पूर्वेला सरकत येणाऱ्या या प्रणाल्या काश्मीरला हिवाळ्याचा बहुतेक सगळा बर्फ देतात. जानेवारीत त्या थंड हवेत शिरतात. मार्चमध्ये हवा उबदार, त्यामुळे बाष्प जास्त आणि पाऊस-बर्फाची सीमारेषा वर सरकते. सकाळी गावात पाऊस होता आणि कोंगडोरीच्या आसपास झाडं पांढरी होत होती. दुपारी थंड हवा आत आली, रेषा खाली उतरली आणि गावातही बर्फ सुरू झाला. सुरुवातीला मऊ गारांसारखे गोल दाणे पडले. ते उतारावर छर्ऱ्यांसारखे घरंगळत खडकांच्या पायथ्याशी साठतात आणि त्यावर पडणाऱ्या थराला पक्कं बसू देत नाहीत. कुठे साठलेत ते आजच बघून ठेवायचं. एकदा गडगडलंही. गोंडोला अर्थातच बंद.

बर्फ किती पडला यापेक्षा त्यात पाणी किती हे महत्त्वाचं, आणि ते घरबसल्या मोजता येतं. एक पाट उघड्यावर ठेवायचा, सहा तासांनी त्यावरची उंची मोजायची. मग सरळ भिंतींच्या १० सेंटिमीटर उंच भांड्यात तोच बर्फ न दाबता भरून वितळवायचा. फुलपात्र नको, त्याच्या भिंती तिरक्या असतात. दीड सेंटिमीटर पाणी निघालं, म्हणजे घनता घनमीटरला १५० किलो. जानेवारीच्या हलक्या पावडरीत ते अर्धा-पाऊण सेंटिमीटर निघतं. तीस सेंटिमीटर असा बर्फ म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ४५ किलोचं नवं ओझं, तेही कालच्या भिजलेल्या थरावर.

उरलेला दिवस सामानाचा. वॅक्स आधी. तळ पुसून, कोरडा करून उबदार बर्फाचं वॅक्स, बहुतेक कंपन्यांचं पिवळं, १२०च्या आसपास तापलेल्या इस्त्रीने. इस्त्री एका जागी थांबवायची नाही, धूर निघाला तर ती जास्त तापली. कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान वरखाली होतं, ती टाळावी. थंड होऊ दिल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं आणि मग ब्रश, आधी पितळी, नंतर नायलॉनचा. वसंतात या ब्रशचं महत्त्व वॅक्सपेक्षा जास्त आहे. ओल्या बर्फात तळ आणि पाणी यांच्यात पोकळी उरत नाही आणि दोन ओल्या काचा चिकटाव्यात तशी स्की चिकटते. तळावरच्या बारीक उभ्या रेषा पाण्याला वाट देतात. वॅक्सने त्या बुजलेल्या ठेवल्या तर सगळी मेहनत फुकट. फ्लोरिनयुक्त वॅक्स या कामात उत्तम होतं, पण ते पर्यावरणात साठून राहतं म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४च्या हंगामापासून स्पर्धांत त्यावर बंदी घातली. हौशी माणसाला त्याची गरज नव्हतीच.

बुटांचं आतलं अस्तर काढून सुकवायचं, पण बुखारीला, म्हणजे इथल्या शेगडीला, चिकटवून नाही; फोम आकसतो. मग बीकनचा, म्हणजे हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधायच्या रेडिओ यंत्राचा, सराव. सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे एकत्र चालतात. चालू असताना फोन २० सेंटिमीटर लांब, शोधताना अर्धा मीटर लांब. सेल अल्कलाइन, उत्पादकाने सांगितल्याखेरीज दुसरे नाहीत. मागच्या अंगणात पिशवीत बीकन पुरून शोधला. तीन मीटरच्या आत आल्यावर वेग कमी करून यंत्र बर्फालगत धरायचं, सर्वात लहान आकड्याच्या जागेपासून २५-२५ सेंटिमीटर अंतराने प्रोब, म्हणजे गाडलेला माणूस चाचपायची लांब सळई, गोल फिरत खुपसायचा. लागला की काढायचा नाही. खणायला सुरुवात प्रोबपाशी नाही, खोलीच्या दीडपट अंतरावर उताराच्या खालच्या बाजूने. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसं जगतात, त्यानंतर शक्यता झपाट्याने उतरते. दहा मिनिटांत मदत येत नाही, सोबतचेच लोक असतात.

सहावा दिवस: निळं आकाश

वादळानंतरचं पहिलं ऊन. छायाचित्रं आजची छान येतात आणि घाईही आजच होते.

गस्तपथकाने वरच्या उतारांवर नियंत्रित स्फोट करून रिकाम्या करायच्या घळी रिकाम्या केल्याशिवाय दुसरा टप्पा उघडत नाही. सकाळी त्यांचे दणके खाली ऐकू येत होते. रांगेतली कुरकुर निरर्थक आहे. आणि त्यांचं काम मुख्य मैदानापुरतं असतं. बाजूच्या घळी कोणी तपासलेल्या नसतात. फाटकाच्या बाहेर पडलं की गोंडोलाने पोचवलेला माणूसही रानातलाच.

थर एकमेकांवर किती पक्के बसलेत ते बघायला कोंगडोरीजवळ सौम्य उतारावर छोटा खड्डा खणला. ३० बाय ३० सेंटिमीटरचा स्तंभ मोकळा करून वर फावडं ठेवायचं. मनगटातून १० थापा, कोपरातून १०, खांद्यातून १०. बाराव्या थापेला नव्या-जुन्याच्या सांध्यावर स्तंभ सरळ कापल्यासारखा पुढे सरकला. मधल्या उंचीवर आधी पाऊस झाला होता. तो गोठून काचेसारखा पापुद्रा झाला, त्यावर गोल दाणे आणि त्यावर नवा बर्फ. खाली, जिथे नवा बर्फ ओल्यावर पडला आणि दोन्ही एकत्र गोठले, तिथे सांधा पक्का होता. कमकुवत पट्टा होता मधला.

मार्चमधली पावडर तासांत मोजायची. पूर्वेच्या भिंतींवर साडेदहापर्यंत, उत्तरेला दुपारपर्यंत. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परतवतो म्हणून सुरुवातीला टिकतो. पण एकदा पृष्ठभाग ओलावला की परतवणं घटतं, जास्त ऊन शोषलं जातं आणि मग गाडी सुटते. साडेअकराला वळकट्या सुरू झाल्या, त्याआधीच उतरणं झालं होतं.

स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी, लावून चढणाऱ्यांना आजचा ताप वेगळा. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या कोरड्या बर्फात शिरलं की स्किनच्या केसांतलं पाणी गोठतं, त्यावर बर्फ चिकटतो आणि प्रत्येक पायाखाली चार किलोची चप्पल तयार होते. स्किनचं वॅक्स केसांच्या दिशेने आधीच चोळून ठेवावं. झाल्यावर झटकून उपयोग नाही, दुसऱ्या स्कीच्या कडेने खरवडायचं, तेही केसांच्या दिशेनेच.

डोळे: दर हजार मीटरला अतिनील किरण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. सनस्क्रीन नाकाच्या खाली, हनुवटीखाली, कानामागे. चष्मा न घालता तासभर काढला तर त्रास लगेच नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा.

सातवा दिवस: साबुदाणा

रात्रभर चांदण्या. सकाळी सातला बूट पृष्ठभागावर उमटतसुद्धा नव्हता. अशा दिवसासाठीच मार्चमध्ये यायचं.

पहाटे चढणाऱ्यांनी स्की-क्रॅम्पॉन, म्हणजे स्कीखालचे दातेरी पत्रे, लावले. टणक तिरक्या वाटेवर फक्त स्किनच्या भरवशावर पाय घसरला तर थांबायला काही नसतं. वर पोचल्यावर थांबायचं असतं आणि तेच जमत नाही. थंडीत उभं राहून उतार मऊ होण्याची वाट बघावी लागते. लवकर निघालं तर काचेवरून, उशिरा निघालं तर लापशीतून. कसोटी अशी: टाच जोरात मारल्यावर बुटाची कड दोन सेंटिमीटर आत गेली की निघायचं. मधली पूर्वाभिमुख बाजू पावणेदहाला तयार झाली, ईशान्येची साडेदहाला. वरच्या पट्ट्यात नवा बर्फ अजून कोरडाच होता आणि मधला पापुद्रा त्याच्या पोटात, म्हणून तीव्र बाजूच्या घळी सोडल्या. एका रात्रीची गोठण वरवरचं घट्ट करते, खालचा कमकुवत थर बरा करत नाही.

गुलमर्गखालच्या बाबारेशी गावाकडच्या जंगलात खाली उतरण्याचा मोह या दिवसांत आवरावा किंवा सकाळीच भागवावा. २,४०० मीटरच्या खाली बर्फ पातळ, ओढ्यांवरचे बर्फाचे पूल आतून पोखरलेले. वरून फक्त एक खोलगट, किंचित राखाडी पट्टा दिसतो. कान दिला तर खालून पाण्याचा आवाज येतो. तिथे आडवं न जाता झाडांच्या दाट बाजूने वळसा घालायचा. दगडाने तळाला चर पडलाच तर मेणबत्तीसारखी पेटवायची प्लॅस्टिकची कांडी मिळते. तिचे थेंब चरात टाकायचे, गार झाल्यावर धारदार पट्टीने समतल करायचे. चर पोलादी कडेपर्यंत गेला असेल तर हा घरगुती उपाय टिकत नाही, कारागिराकडे द्यावं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी काठी दहा सेंटिमीटर आत जायला लागली. स्की काढल्या.

आठवा दिवस: परत

ओल्या बर्फानंतर कडांवर एका रात्रीत तांबूस गंज येतो. स्की पिशवीत भरण्याआधी कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि दोन स्कींचे तळ एकमेकांना घासणार नाहीत असा कापड मध्ये घालायचा. हंगाम संपला असेल तर जाड थर वॅक्सचा लावून न खरवडता तसाच ठेवायचा, कडांवरूनही ओघळू द्यायचा. स्किनच्या गोंदाच्या बाजू कोरड्या करून मधल्या जाळीवर चिकटवायच्या. बुटांचे बकल हलके लावलेले, उघडे नाहीत, नाहीतर प्लॅस्टिक फाकतं. बीकनमधले सेल काढून ठेवायचे. गळलेल्या सेलने गंजलेला संपर्क-पत्रा पुढच्या जानेवारीत, बाहेर पडायच्या आदल्या रात्री सापडतो.

तंगमर्गचा रस्ता सकाळी आठला अजून सावलीत आणि गोठलेला असतो. विमान दुपारचं असेल तर साडेनऊनंतर, पहिल्या वळणांवर ऊन पडून पाणी सुटायला लागल्यावर निघावं.